दुकान आधी की माप आधी?

पत्र थोडक्यात: सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहणारी २७ वर्षांची तरुणी. पुण्यात फॅशन डिझाइनचा डिप्लोमा केला, मग मुंबईत एका निर्यातदार गारमेंट कंपनीच्या सॅम्पलिंग विभागात अडीच वर्षं नोकरी. दीड वर्षापूर्वी नोकरी सोडून घरी आली आणि खणाचे ड्रेस, जॅकेटं करू लागली. शिलाई गावातले एक मास्तर आणि त्यांची बायको करतात. महिन्याला १५ ते २० नग इन्स्टाग्रामवरून जातात. गेल्या महिन्यात पुण्यातल्या प्रदर्शनात १२,००० रुपये भरून तीन दिवस स्टॉल घेतला आणि १,८०० रुपयांचे २२ ड्रेस विकले. वडील म्हणतात, तुझ्या लग्नासाठी ठेवलेले ८ लाख घे आणि पुण्यात दुकान टाक. मुंबईतल्या एका दुकानाने ६० नग मागितले आहेत, पण जांगडवर. विकले जातील तसे पैसे, ३५ टक्के कमिशन कापून. एका फॅशन शोचे आयोजक सव्वा लाख भरलेस तर रॅम्प देतो म्हणतात. शेजारच्या शहरातला दुकानदार तिच्याच ड्रेसची नक्कल ९५० ला विकतोय. ती विचारते, "दुकान टाकू का? की मला धंद्यातलं कळत नाही हे मान्य करून परत नोकरी धरू?"

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रात दुकानाच्या जागेबद्दल दीड पान आहे, नक्कल करणाऱ्याबद्दल जवळजवळ एक पान आहे, आणि मधेच, जाता जाता, एक ओळ आहे: "२२ पैकी ५ ड्रेस मुंढ्यात घट्ट होतात म्हणून परत आले, पण मास्तरांनी सैल करून दिले." मी त्या ओळीपाशी थांबले. आठ लाखांचं उत्तर मला तिथे दिसतंय, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

बावीसात पाच म्हणजे जवळजवळ चारातला एक. पुढे तू लिहितेस की मास्तरांच्या हातात जरा फरक पडतो. पण मास्तर शिवतात कशावरून? तूच लिहिलं आहेस, की तू त्यांना एक तयार ड्रेस देतेस आणि ते तो कापडावर पसरून खडूने आखतात. तयार ड्रेसवरून आखलं की दर वेळी पाव-अर्धा इंच इकडेतिकडे होतो, आणि मुंढ्यात अर्धा इंच म्हणजे हात वर करताना बाही ओढते. यात मास्तरांची चूक नाही. त्यांना पॅटर्न, म्हणजे मापाने कापलेला कागदी साचा, मिळालेला नाही. तू अडीच वर्षं सॅम्पलिंगमध्ये काढलीस, साईज सेट, म्हणजे प्रत्येक मापाचा एकेक नमुना, मंजूर झाल्याशिवाय कटिंग टेबलावर कापड पसरत नाहीत हे तू रोज पाहिलंस. घरी आल्यावर मात्र तो सगळा शहाणपणा तू कंपनीच्या दारातच ठेवून आलीस. का, ते मला कळतं. तिथे ते काम कंटाळवाणं होतं आणि इथे तुला डिझायनर व्हायचं होतं. पण ज्या बाईला पहिला ड्रेस नीट बसला ती दुसरा न घालता, नुसत्या फोटोवरून मागवते. धंदा त्या दुसऱ्या ड्रेसवर उभा राहतो, आणि तुझा दुसरा ड्रेस अजून बेभरवशाचा आहे.

तेव्हा पहिलं काम हे. तुझा सगळ्यात जास्त विकला जाणारा एकच ड्रेस घे. आत्तापर्यंतच्या ग्राहकांपैकी तीसेक जणींना फोन कर आणि छाती, कंबर, सीट, खांदा, दंड आणि उंची मागून घे. आनंदाने देतील, कारण बहुतेकींना तयार कपडा कुठे ना कुठे बसत नाही. आपल्याकडे बरेच तयार कपडे अजून परदेशी मापांवरून शिवले जातात. म्हणूनच तर निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेने देशातल्या सहा शहरांत २५,००० माणसांची मापं घेऊन भारतीय साईज तक्ता बनवायचा प्रकल्प हाती घेतला. तू तुझ्या तीस बायकांचा तक्ता बनव. त्यावरून जाड खाकी कागदाचे तीन-चार साईजचे पॅटर्न कापून घे, मुंढ्यावर खुणा कर, आणि बाजूच्या शिवणीत दीड इंच कापड आत राहू दे. आपल्या बायका कपडा पाच-सात वर्षं वापरतात, मधे अंग बदलतं, आणि शिवण उसवून सैल करता येणारा ड्रेस त्या विसरत नाहीत.

खणाबद्दलही एक सांगायचं आहे, तू हाताने काम करणारी आहेस म्हणून. हातमागाच्या खणाचा पन्हा अरुंद असतो, कारण ते कापड मुळात चोळीसाठीच विणलं जायचं. तू त्यातून सरळ घेराचा ड्रेस काढतेस, म्हणून तुझं कापड वाया जातं आणि जोड नको तिथे येतात. कळ्यांचा ड्रेस कर. जोड हीच रचना होईल आणि कातरण कमी होईल. दुसरं, अस्तर शिवण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापायला दे. सुती अस्तर पहिल्या धुण्यात आटतं, वरचं कापड तेवढं आटत नाही, आणि मग खालचा घेर गोळा होऊन पिशवीसारखा दिसतो. ही तक्रार तुझ्यापर्यंत येत नाही. ती बाई पुन्हा मागवत नाही, एवढंच होतं.

आता हिशेब. तू लिहितेस, प्रदर्शन "मस्त झालं". एका ड्रेसला कापड ६६०, अस्तर १२०, शिलाई ३५०, मिळून १,१३० खर्च, म्हणजे १,८०० वर ६७० सुटले. बावीस ड्रेसचे १४,७४०, त्यातून स्टॉलचे १२,००० गेले तरी २,७४० उरले. तुझ्याच पत्रात इकडेतिकडे विखुरलेले आकडे मी यात मिळवले. वाया गेलेलं कापड ६६ रुपयांचं, चेन, बटण आणि लेबल ६०, इस्त्री आणि पिशवी ४५. खर्च १,३०१ झाला. एका ड्रेसमागे ४९९ उरले, बावीसांचे १०,९७८. स्टॉलचं भाडं १२,०००. म्हणजे तीन दिवस उभं राहून तू १,०२२ रुपये पदरचे घातलेस. पुण्याचं जाणं-येणं, जेवण, मदतीला नेलेल्या मैत्रिणीला दिलेले पैसे वेगळेच. आणि तुझी स्वतःची मजुरी यात कुठेच नाही. कापड निवडणं, कटिंगवर उभं राहणं, फोटो काढणं, रात्री अकराला "ताई, हाच रंग थोडा गडद मिळेल का" याला उत्तर देणं, हे सगळं तू फुकट केलंस.

हे वाचून वाईट वाटून घेऊ नकोस. बावीस अनोळखी बायकांनी खिशातून १,८०० काढून तुझा ड्रेस घेतला, याचा अर्थ डिझाइनला मागणी आहे आणि ही सगळ्यात अवघड गोष्ट तू कमावली आहेस. चूक किमतीत आहे. एका ड्रेसमागे स्वतःची मजुरी निदान ३०० धर, दुरुस्ती आणि न खपणाऱ्या मालासाठी १०० धर. खर्च १,७०१ वर जातो. मुंढा सुधारला की किंमत २,२०० च्या पुढे ने. आधी नाही. एकदम सगळ्या मालावर वाढवू नकोस. पुढचे दहा ड्रेस नव्या भावाने टाक आणि किती जणी थांबतात ते पाहा. वरची मर्यादा मात्र लक्षात ठेव. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्यावर गेलं की १८ टक्के. आज तू जीएसटीत नाहीस, पण उद्या जाशील, तेव्हा २,६०० चा ड्रेस ग्राहकाला एकदम महाग पडेल. नुसता माल विकणाऱ्याला आपल्या राज्यात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, हे खरं. पण तू बेंगळुरू आणि हैदराबादला पार्सलं पाठवतेस असं लिहिलं आहेस, आणि राज्याबाहेरच्या विक्रीला ही सूट सरसकट लागू होत नाही. हे या महिन्यातच एखाद्या सीएला विचार.

आता दुकान. पुण्यात लहानशा गाळ्याला समज ३०,००० भाडं, एक मुलगी १४,००० वर, वीज आणि किरकोळ ४,०००. महिन्याचे ४८,००० झाले. आजच्या ४९९ च्या हिशेबाने नुसतं भाडं-पगार भागवायला महिन्याला ९७ ड्रेस विकावे लागतील. तू करतेस वीस. मास्तर आणि वहिनी दिवसरात्र बसले तरी ९७ होणार नाहीत, मग तू बाहेरचा माल आणून भरशील आणि वर्षभरात ते दुकान इतर शंभर दुकानांसारखं दिसायला लागेल. आत्ता दुकान टाकू नकोस. महिन्याला साठ नग, तेही दुरुस्ती न येता, असे सलग सहा महिने गेले, की मग हा विषय काढ.

मुंबईच्या दुकानाने ६० नग मागितले, याचा तुला खूप आनंद झालाय. पण १,८०० वर ३५ टक्के कमिशन म्हणजे ६३० गेले, हातात १,१७० आले, खर्च १,३०१. प्रत्येक ड्रेसमागे १३१ रुपये तोटा. साठही विकले गेले तर ७,८६० चा तोटा, आणि तोपर्यंत तुझे ७८,००० त्यांच्या हँगरवर लटकलेले. शिवाय जांगड म्हणजे माल तुझा, धूळ तुझी, डाग तुझे. मी हे भोगलेलं आहे. माझ्या सुरुवातीच्या काळात एका मोठ्या शहरातल्या दुकानाला मी ४० कुर्ते जांगडवर दिले. सात महिन्यांनी ११ परत आले, गळ्याला ट्रायल रूममधली लिपस्टिक लागलेले, आणि उरलेल्यांचे पैसे तीन हप्त्यांत, तेही अर्धेच. माझ्याकडे कागद नव्हता. नुसते फोनवरचे "पाठवा हो, बघू" एवढेच शब्द होते.

म्हणून आधी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घे. ती ऑनलाइन आहे, फुकट आहे, आधार आणि पॅन पुरतं. कोणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नकोस. तू स्वतः माल बनवणारी सूक्ष्म उद्योजक आहेस. एकदा ही नोंदणी झाली, की पक्क्या विक्रीचे पैसे खरेदीदाराने लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. नाही दिले तर लहान उद्योगांच्या थकबाकीसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते आणि व्याज लागतं. २०२४ पासून तर असे थकवलेले पैसे मोठ्या व्यापाऱ्याला त्या वर्षाच्या खर्चात धरता येत नाहीत, त्यामुळे मार्च जवळ आला की बरीच दुकानं स्वतःहून फोन करतात. जांगडवर मात्र विक्रीच झालेली नसते, त्यामुळे दिवस कधीपासून मोजायचे यावरच वाद होतो.

फॅशन शोबद्दल लवकर सांगते: सव्वा लाख देऊ नकोस. जिथे पैसे भरले की कोणालाही रॅम्प मिळतो, तिथे समोर खरेदीदार बसत नाहीत, आपापल्या डिझायनरचे नातेवाईक बसतात. लॅक्मे फॅशन वीकच्या जेननेक्स्टसारख्या ठिकाणी नव्या मुलामुलींची कामावरून निवड होते. कानपूरजवळच्या खेड्यातून आलेले डिझायनर राहुल मिश्रा २००६ मध्ये त्याच वाटेने आले, आणि २०१४ साली आंतरराष्ट्रीय वूलमार्क पुरस्कार मिळवणारे पहिले भारतीय ठरले. अनिता डोंगरे यांनी १९९५ मध्ये घरच्या घरी दोन शिलाई मशिनांवर सुरुवात केली होती. आणि तुझ्या खणाचंच उदाहरण हवं असेल, तर वैशाली शडांगुळे बघ. मुंबईत लहानशा बुटिकपासून सुरुवात करून, विणकरांबरोबर वर्षानुवर्षं काम करून त्या २०२१ मध्ये पॅरिसच्या हॉट कुतूर वीकपर्यंत पोचल्या. रॅम्प त्यांच्याकडे कामानंतर आला. तुझ्याकडे सहा पोशाखांचा एक नीट संच तयार झाला, की निवड होणाऱ्या ठिकाणी अर्ज कर. सव्वा लाखात त्याआधी तुझी एक चांगली ओव्हरलॉक, एक औद्योगिक शिलाई मशीन आणि वाफेची इस्त्री येईल.

नक्कल करणाऱ्याचा तुला फार त्रास होतोय. रात्री झोप लागत नाही असं लिहिलं आहेस, आणि तो राग खरा आहे. पण कायद्याचं चित्र स्पष्ट असू दे. डिझाइन कायदा २००० खाली नोंदणी केली तर १० वर्षं, पुढे आणखी ५ वर्षं संरक्षण मिळतं, पण ती नोंदणी डिझाइन लोकांसमोर येण्याआधी करावी लागते. तू तो ड्रेस वर्षभरापूर्वी इन्स्टाग्रामवर टाकलास, त्यामुळे त्याच्यासाठी ते दार बंद झालं. कॉपीराइटही इथे फारसा उपयोगाचा नाही, कारण नोंदणी होऊ शकणाऱ्या पण न केलेल्या डिझाइनचे औद्योगिक पद्धतीने ५० पेक्षा जास्त नग निघाले की तो हक्क संपतो. तेव्हा या ड्रेससाठी वकिलावर पैसे घालवू नकोस. तुझ्या नावाची मात्र ट्रेडमार्क नोंदणी आत्ताच कर. कपड्यांचा वर्ग २५, आणि एकट्या व्यक्तीला किंवा लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी ४,५०० रुपये. उद्या त्या दुकानदाराने तुझं लेबलच लावलं, तर हाच कागद हातात असेल.

शिवाय तो ९५० ला काय विकतोय ते हातात घेऊन पाहिलंस का? त्या भावात हातमागाचा खण बसतच नाही. यंत्रमागावरचं, कृत्रिम धाग्याचं कापड असणार. तू मात्र तुझ्या पोस्टमध्ये नुसतं "प्युअर खण" लिहितेस, आणि तेच तोही लिहितो. खण जिथे विणला जातो त्या गुळेदगुड्डला स्वतः जाऊन ये. कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातलं ते गाव तुला एका दिवसाच्या टप्प्यात आहे. आज तू व्यापाऱ्याकडून ताग्याने घेतेस, त्यामुळे तुझ्याकडे कोणता माल हातमागाचा आणि कोणता यंत्रमागाचा हे तुलाही खात्रीने माहीत नाही. माग बघ, विणकराशी बोल, रंग ठरवून दोन-तीन तागे विणून घे आणि लेबलवर खरं लिही. यंत्रमागाचं वापरलंस तर तेही लिही, त्यात कमीपणा नाही. किमतीतला फरक ग्राहकाला समजावून सांगण्याजोगा झाला, की त्या दुकानदाराशी तुझी स्पर्धाच उरत नाही.

मास्तरांबद्दल तू प्रेमाने लिहितेस, पण त्यांना नगावर ३५० देतेस आणि काम येईल तसं देतेस. जूनमध्ये शाळेचे गणवेश आले की ते तुझं काम बाजूला ठेवतात, लग्नसराईत ब्लाउज आले की पुन्हा तेच. त्यांचंही घर आहे. आठवड्यातले दोन दिवस ठरवून घे आणि त्या दिवसांचे पैसे काम असो-नसो दे. खर्च थोडा वाढेल, पण तारीख पाळता येईल. वहिनींना काज-बटण आणि शेवटची तपासणी शिकव, आणि त्याचे पैसे त्यांच्या हातात वेगळे दे.

वडिलांचे ८ लाख. मुलीच्या लग्नाचे पैसे तिच्या कामाला द्यायला निघालेला बाप, तोही तालुक्याच्या गावात! मला फार बरं वाटलं वाचून. म्हणूनच ते पैसे एकदम उचलू नकोस. दीड लाख घे: मशीनं, पॅटर्न, विणून घेतलेले तागे, ट्रेडमार्क. कागदावर लिहून घे की हे कर्ज आहे, आणि सहा महिन्यांनी वडिलांपुढे वही उघडून बस. उरलेले ठेवीत राहू देत. कमी पडलं तर मुद्रा कर्जात ५०,००० पर्यंतचा शिशु गट आहे, तारण लागत नाही. पुढे मोठं युनिट टाकायचं ठरलं तर जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन पीएमईजीपी या केंद्र सरकारच्या अनुदानित कर्ज योजनेची आजची स्थिती विचार. त्या योजनेत ग्रामीण भागातल्या महिलेला प्रकल्पाच्या ३५ टक्क्यांपर्यंत अनुदान ठेवलेलं आहे. पण ते हातात येत नाही, तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकतं, आणि कर्जाचे हप्ते तुलाच भरायचे असतात, हे ध्यानात ठेवून हिशेब मांड.

आणि नोकरी? "मी कलाकार आहे, मला धंद्यातलं कळत नाही" हे वाक्य पत्रात तीनदा आलंय. जिने खर्चाचे आकडे इतक्या प्रामाणिकपणे लिहून ठेवलेत, तिला धंदा कळतो. तिने फक्त बेरीज केली नाही. परत मुंबईला जायची गरज मला दिसत नाही. पण महिन्याला थोडी खात्रीची मिळकत असेल तर किंमत पाडून विकायची पाळी येत नाही. इचलकरंजी तुझ्यापासून जवळ आहे. तिथल्या गारमेंटवाल्यांना पॅटर्न आणि सॅम्पल करून देणारं माणूस हवं आहे का, चौकशी कर. आठवड्यातले दोन दिवस तेही कर. तुझा हात चालू राहील आणि कटिंग मास्टरांच्या ओळखी होतील.

मुंबईच्या दुकानाला उत्तर द्यायचं राहिलंय. आज-उद्या एवढंच पाठव: "६० नग जांगडवर देणं मला शक्य नाही. २० जॅकेटं पक्क्या विक्रीने देते, निम्मे पैसे ऑर्डरबरोबर, उरलेले ३० दिवसांत, डाग लागलेला माल परत घेणार नाही. चालत असेल तर ऑर्डर लेखी पाठवा." ड्रेस मुद्दाम ठेवला नाहीये. जॅकेटला बाही सैल असते, मुंढ्याचं माप तेवढं नाजूक नसतं, आणि किंमत लावताना दुकानाचा वाटा आधीच आत धरता येतो. ते नाही म्हणाले तर त्या साठ नगांचं कापड अजून तू घेतलेलं नाहीस, म्हणजे काही बिघडलेलं नाही. उद्या सकाळी मास्तरांकडे खाकी कागद घेऊन जा.